ड्रॅगन आणि कालवे : कल्पित नकाशांतून अवकाश शिकवता येतं का?



आजचा विषय वरवर पाहिला तर लहान मुलांचा वाटेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने ड्रॅगन, नकाशे आणि फाशांचे खेळ यांवर का बोलावं, असंही कुणाच्या मनात येईल. पण एखाद्या मुलाला आपण न पाहिलेल्या जागेबद्दल काहीतरी सांगतो, तेव्हा ज्ञान म्हणजे काय हाच प्रश्न आपण हाताळत असतो. आणि अवकाश ही जागा अशी आहे, की ती आपल्यापैकी जवळजवळ कुणीच पाहिलेली नाही.

गेल्या काही वर्षांत अवकाश शिकवण्याची एक रीत रूढ होते आहे. अद्भुत कादंबऱ्यांच्या सुरुवातीला जसे नकाशे असतात, हाताने काढलेले डोंगर, वळणदार अक्षरं, कोपऱ्यात एखादा राक्षस, तशा शैलीत मंगळाचे, शुक्राचे, टायटनचे नकाशे काढायचे आणि खेळांतून मुलांना त्या जगात फिरवायचं. हंगेरीत हेन्रिक हार्गिताई यांच्या पुढाकाराने मुलांसाठी ग्रहांचे असे चित्रनकाशे तयार झाले, तेही अनेक भाषांत. अमेरिकेतल्या एलिनॉर लुट्झ या चित्रकर्तीने २०१६ मध्ये मंगळाचा मध्ययुगीन ढंगाचा नकाशा काढला. आणि २०२४ मध्ये तर खुद्द ‘नासा’ने जादू आणि ड्रॅगन असलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला.

यावर दोन मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हा पोरखेळ आहे. विज्ञानात राक्षस कशाला? दुसरा म्हणतो, मुलांना गोडी लागते ना, मग झालं तर. आम्हाला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. पहिला कल्पनेला घाबरतो, आणि दुसरा तिच्याकडून काहीच मागत नाही.

या ठिकाणी आपल्या परंपरेतला एक जुना भेद फार उपयोगी पडतो. पतंजलींनी चित्ताच्या ज्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत विपर्यय आणि विकल्प या दोन वेगळ्या मोजल्या आहेत. विपर्यय म्हणजे उलटं ज्ञान. दोरी असताना साप दिसणं. विकल्प म्हणजे ज्याला वस्तूच नाही, पण शब्द आहे, ते. आकाशपुष्प म्हणा, सशाचं शिंग म्हणा. आता बघा, सशाचं शिंग म्हटल्यावर कुणी ससा पकडायला काठी घेऊन धावत नाही. दोरीचा साप मात्र माणसाला पळवतो. विकल्प फसवत नाही, कारण तो विकल्प आहे हे ठाऊक असतं. विपर्यय फसवतो, कारण तो प्रत्यक्षाचा वेष घालून येतो.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. अवकाशाच्या शिक्षणात ड्रॅगन हा विकल्प आहे. त्याची भीती बाळगायचं कारण नाही. भीती बाळगायची ती कालव्यांची. हे कालवे कोणते, ते आता पाहू.

१८७७ साली इटलीचे खगोलज्ञ स्किआपारेल्ली यांनी दुर्बिणीतून मंगळ पाहिला आणि त्याचा नकाशा काढला. त्यांना काही रेषा दिसल्या. त्यांनी त्यांना इटालियनमध्ये ‘कानाली’ म्हटलं. या शब्दात ओहोळही बसतो, चरही बसतो आणि कालवाही बसतो. इंग्रजीत जाताना त्याचा सरळ कालवा झाला. आता मराठी माणसाला यातला फरक सांगायला नको. ओहोळ असतो, कालवा खणावा लागतो. कालवा म्हटलं की खणणारा आला, पाटबंधारे खातं आलं! अमेरिकेतले पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये ॲरिझोनात वेधशाळा उभारली आणि पुढची अनेक वर्षं शेकडो रेषांचे नकाशे काढले. ध्रुवाकडचं बर्फाचं पाणी विषुववृत्ताकडे नेण्यासाठी बुद्धिमान मंगळवासीयांनी हे कालवे खणले, असा त्यांचा सिद्धान्त होता. नकाशे देखणे होते, रेषा सुबक होत्या. कोपऱ्यात ड्रॅगन नव्हता. म्हणूनच लोकांनी ते खरे मानले.

याच सुमारास, १९०३ साली, एक प्रयोग झाला. आमच्या मते अवकाश-शिक्षणाच्या इतिहासात त्याला मानाचं स्थान मिळायला हवं. ग्रिनिच वेधशाळेतले मॉन्डर आणि तिथल्या एका शाळेचे मुख्याध्यापक इव्हान्स यांनी शाळेतल्या मुलांसमोर मंगळाचं चित्र ठेवलं. त्यात कालवे नव्हते. ठिपके होते, डाग होते. मुलांना कालव्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं. वेगवेगळ्या अंतरांवर बसवून, दिसतं तसं काढा, एवढंच सांगितलं. ठरावीक अंतरावर बसलेल्या अनेक मुलांनी सरळ रेषा काढल्या. डोळ्याला जेव्हा अर्धवट दिसतं, तेव्हा तो ठिपके जोडून टाकतो. मुलं खोटं बोलत नव्हती, लॉवेलही खोटं बोलत नव्हते. दोरीचा साप असाच होतो.

या प्रयोगात मुलांनी काय केलं? नकाशा काढला. आणि त्या नकाशातून मंगळाबद्दल नव्हे, पाहण्याबद्दल ज्ञान मिळालं. नकाशा काढणं ही शिकण्याची क्रिया कशी होते, याचा याहून चांगला दाखला आम्हाला सापडत नाही.

पुढे १९६५ च्या जुलैमध्ये ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेलं. त्याने एकवीस पूर्ण चित्रं आणि बाविसाव्याचा तुकडा पाठवला. एक चित्र यायला आठेक तास लागायचे. आणि चित्र म्हणजे काय, तर आकडे. दोनशे ओळी, प्रत्येक ओळीत दोनशे आकडे, प्रत्येक आकडा शून्य ते त्रेसष्ट यांमधला. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांना धीर धरवेना. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीच्या फळीवर चिकटवल्या, दुकानातून रंगीत खडू आणले आणि आकडा पाहून रंग भरायला सुरुवात केली. दुसऱ्या ग्रहाचं अवकाशयानाने टिपलेलं ते जवळचं दर्शन आधी खडूने रंगवलं गेलं, बरं का! कोणत्या आकड्याला कोणता रंग, हे त्यांनी ठरवलं. आकडा कोणता, हे मात्र मंगळाने ठरवलं. कलेचं काम कुठे संपतं आणि जगाचं काम कुठे सुरू होतं, ही सीमा त्या फळीवर स्वच्छ दिसते.

त्या चित्रांत कालवे नव्हते, विवरं होती. पण गोष्ट इथे संपत नाही. विवरं पाहून पुष्कळांनी ठरवून टाकलं, की मंगळ चंद्रासारखाच मृत, एकसुरी ग्रह आहे. ‘मरिनर ४’ने पाहिला होता पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का. १९७१ मध्ये ‘मरिनर ९’ मंगळाभोवती फिरू लागलं आणि प्रचंड ज्वालामुखी दिसले, हजारो किलोमीटरची दरी दिसली, वाळलेल्या नदीपात्रांसारख्या खुणा दिसल्या. म्हणजे एक टक्का पाहून शंभर टक्क्यांचा नकाशा मनात काढणं हाही विपर्ययच. फोटो हातात आला की माणूस विपर्ययातून सुटतो, असं समजायचं कारण नाही.

आता ड्रॅगनकडे येऊ. जुन्या नकाशांवर अज्ञात प्रदेशात सर्रास ‘इथे ड्रॅगन आहेत’ असं लिहिलेलं असे, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात ते शब्द १५१० च्या सुमाराच्या हंट-लेनॉक्स पृथ्वीगोलासारख्या फार थोड्या वस्तूंवर सापडतात. लुट्झबाईंनी आपल्या मंगळाच्या नकाशाला शीर्षक देताना याच समजुतीशी खेळ केला आहे. त्यांच्या शीर्षकात ड्रॅगनच्या जागी रोबो आले आहेत. आम्हाला ही गंमत त्यांच्या चित्रापेक्षाही मोलाची वाटते. ड्रॅगन काढायचा तो जिथे आपण पोचलो नाही तिथे. रोबो दिसतात ते जिथे आपण पोचलो तिथे. एकाच शैलीचं चिन्ह, पण अर्थ उलटा. मुलाला हा उलटा अर्थ समजावून दिला नाही, तर त्याच्या हाती नुसतं जुनाट रंगाचं एक सुंदर पोस्टर उरतं.

नावांचंही तसंच आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने शनीच्या टायटन या चंद्रावरच्या पर्वतांना टोल्किनच्या मध्य-पृथ्वीतल्या पर्वतांची नावं दिली आहेत. तिथे डूम पर्वत अधिकृत नकाशावर आहे. प्लूटोच्या शॅरन या उपग्रहावर २०१८ पासून एका विवराचं नाव रेवती आहे. आपल्याला ठाऊक असलेली ही रेवती. बाप तिला घेऊन ब्रह्मलोकी वर विचारायला गेला, तिथे गाणं संपेपर्यंत थांबला, आणि परत येतो तो पृथ्वीवर युगं उलटून गेलेली. शुक्रावर तर आपली माणसंच आहेत. शुक्रावरची नावं जवळजवळ सगळी स्त्रियांची. त्यांत आनंदीबाई जोशी यांच्या नावाचं विवर आहे, पंडिता रमाबाईंचं ‘मेधावी’ या नावाने आहे, मुंबईच्या डॉक्टर जेरुशा झिराड यांचं आहे. मराठी शाळेतल्या मुलीसाठी शुक्राचा नकाशा काढायचा असेल, तर राक्षस उसने आणायची गरज नाही. आनंदीबाईंच्या विवरापासून रमाबाईंच्या विवरापर्यंत प्रवास काढा.

पण नाव ही मूठ आहे, पातं नव्हे. धरायला सोय होते, त्याने काही चिरलं जात नाही. डूम पर्वत किती उंच, तो ढगांआडून कुणी कसा पाहिला, रडारचा तरंग जाऊन परत येतो म्हणजे काय होतं, हे आलं तर शिक्षण झालं. नाही तर मुलाला कादंबरी आठवली, इतकंच.

खरा धोका दुसरीकडे आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याची घोषणा झाली. अंतर सुमारे चाळीस प्रकाशवर्षं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत सात ग्रहांची झळझळीत चित्रं होती; कुठे पाणी, कुठे बर्फ, कुठे तांबूस खडक. यांपैकी एकाही ग्रहाचा पृष्ठभाग कुणी पाहिलेला नव्हता. वेध होता तो ताऱ्याचा प्रकाश जरासा मंदावण्याचा. बाकी सगळं चित्रकाराचं. तशी तळटीपही असते, नाही असं नाही. पण तळटीप कोण वाचतो? ही चित्रं ड्रॅगनपेक्षा घातक, असं आम्ही म्हणतो. त्यांत विकल्प आहे, पण तो फोटोचा सदरा घालून आलेला आहे. आणि आता यंत्राकडून क्षणात हवं ते ‘छायाचित्र’ करून मिळण्याच्या काळात, दिसतं म्हणून खरं मानायची सवय लागलेलं मूल पुढे ग्रहांच्याच काय, माणसांच्या बाबतीतही फसेल.

उलट, कल्पना प्रामाणिकपणे वापरली तर काय साधतं, ते केप्लरने दाखवलं आहे. त्याचं ‘सोम्नियम’ म्हणजे स्वप्न. ते त्याच्या मृत्यूनंतर १६३४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात एक भूत माणसाला चंद्राची हकिकत सांगतं. चंद्रावरच्या लोकांना वाटतं, आपली भूमी स्थिर आहे आणि आकाशात पृथ्वी जागच्या जागी गरगर फिरते आहे. वाचणारा हसतो, आणि हसता हसता थबकतो; कारण आपणही नेमकं तेच समजत होतो! भूत खोटं, पण आकाश खरं. चंद्रावरचा दिवस किती मोठा, पृथ्वी कुठून दिसते आणि कुठून कधीच दिसत नाही, हे सगळं केप्लरने गणिताने बसवलं आहे. शिवाय गोष्टीला त्याने २२३ टीपा जोडल्या. गोष्टीपेक्षा टीपाच मोठ्या. मूळ सूत्र इवलंसं आणि भाष्य भलंमोठं, हा प्रकार आपल्याला नवा नाही. केप्लरचं भाष्य वाचकाला सांगत राहतं, की यातलं मोजलेलं काय, तर्काचं काय आणि थट्टा कोणती.

ही कसोटी आता खेळांना लावू. खेळातून जग शिकवायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते तो मोक्षपट घ्या. घराघरांत गुणदुर्गुणांची नावं, सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात सापशिडी म्हणून रुळला, आणि पुढे घरांत उरले निव्वळ आकडे. खेळ टिकला, शिकवण गेली. आज बाजारात ‘अवकाश सापशिडी’ मिळते. शिडीच्या जागी रॉकेट, सापाच्या जागी कृष्णविवर. आम्ही नम्रपणे म्हणू, की यात अवकाश नाही. यात सापशिडी आहे. फाशाने जे दान पडेल तेवढी घरं पुढे. गुरुत्वाकर्षणाशी त्याचा संबंध काय? कोणत्याही शैक्षणिक खेळाबद्दल एक प्रश्न विचारावा: चित्रं काढून टाकली, तर नियमांत विषय उरतो का?

‘नासा’च्या त्या खेळात हबल दुर्बीण काळाच्या ओघातून नाहीशी होते आणि कोणत्याही ताऱ्याभोवती न फिरणाऱ्या एका भटक्या ग्रहावर खेळाडूंना शोध घ्यावा लागतो. कल्पना सुरेख आहे. भटके ग्रह खरोखर असतात, आणि हबल नसती तर आपल्याला काय कळलं नसतं, हा तत्त्वज्ञानाच्या वर्गाला शोभेल असा प्रश्न आहे. पण खेळाडूंनी आपल्या पसंतीच्या कोणत्याही नियमपद्धतीत तो बसवून घ्यावा, अशी त्याची रचना आहे. म्हणजे नियम बाहेरून येणार. मग विश्वाचे नियम राहतात कथेत, संवादात. खेळाच्या हाडात ते शिरत नाहीत. निमंत्रण म्हणून आम्ही या खेळाला पुरे गुण देऊ. शिक्षण म्हणून, अर्धे.

आता ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ पाहा. मेक्सिकोत तयार झालेला हा संगणकावरचा खेळ २०११ पासून लोकांच्या हाती आहे. त्यातले अंतराळवीर हिरवे, बुटके, डोळे वटारलेले. त्यांचा ग्रह पृथ्वीच्या साधारण एक-दशांश त्रिज्येचा. सगळा नकाशा कल्पित. पण यान चालतं ते न्यूटनच्या नियमांनी. त्याच कक्षेत पुढे गेलेल्या यानाला गाठायचं असेल, तर मूल साहजिकच वेग वाढवतं. आणि पाहतं तो पुढचं यान अधिकच लांब गेलेलं. वेग वाढवला की कक्षा मोठी होते, फेरीला वेळ जास्त लागतो. गाठायचं असेल तर आधी मंद व्हावं लागतं, खालच्या कक्षेत उतरावं लागतं. १९६५ च्या जूनमध्ये ‘जेमिनी ४’मधून मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाऊ पाहत होते, तेव्हा त्यांना नेमका हाच अनुभव आला. प्रशिक्षित अंतराळवीराची अडचण बारा वर्षांच्या मुलीला घरबसल्या कळते, तेही हिरव्या बुटक्यांच्या संगतीत. इथे केप्लरचं स्वप्न पुन्हा साकार झालं: भूत खोटं, आकाश खरं.

अर्थात यालाही टीप हवी. मूळ खेळात यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं. त्यामुळे दोन गोलांच्या ओढाताणीतून तयार होणारे लाग्रांज बिंदू त्या जगात नाहीत. आपलं ‘आदित्य-एल१’ जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या ज्या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं, तो बिंदू कर्बलच्या विश्वात सापडणार नाही. शिक्षकाने हे सांगावं. सांगितलं तर खेळाची उणीवही धडा होते.

मग करायचं काय? संगणक नसलेल्या शाळेतही करता येईल असं एक सुचवतो. एका खोक्यात वाळूचे, दगडांचे उंचसखल करा. वरून पुठ्ठ्याचं झाकण लावा, त्याला ओळीने भोकं पाडा. मुलांनी भोकातून काडी घालून खोली मोजायची आणि नकाशा काढायचा. काड्या ठरावीकच टोचता येतील, वीसच म्हणा. कारण यानात इंधन थोडं असतं. आणि नकाशा तीन साधनांनी काढायचा. मोजलं ते शाईने. दोन मोजमापांच्या मधलं तर्काने भरलं ते पेन्सिलने. बाकी रिकाम्या जागेत हवा तो ड्रॅगन, रंगीत खडूने. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्यक्ष, अनुमान आणि विकल्प. शेवटी झाकण उघडायचं.

झाकण उघडण्याचा तो क्षण महत्त्वाचा. अद्भुत कादंबरीच्या नकाशात लेखक म्हणेल ते प्रमाण. तिथे डोंगर चुकीच्या जागी असूच शकत नाही. अवकाशाच्या नकाशात शेवटचा शब्द जमिनीचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘चांद्रयान-३’ चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या आतल्या निवडलेल्या पट्ट्यात उतरलं. इतका नकाशा आपल्याकडे होता. तरी चार दिवसांनी ‘प्रज्ञान’च्या वाटेत चार मीटर व्यासाचा खड्डा आला. तो तीन मीटरवर असताना दिसला, आणि गाडी मागे फिरवून नव्या वाटेने न्यावी लागली. मुलांनी पेन्सिलीची रेघ खोडून शाईने दुसरी काढावी, तसंच हे. यात कमीपणा कसला?

कुणी म्हणेल, मुलांच्या कल्पनेला तुम्ही शाई-पेन्सिलीचे नियम लावता, तिचा कोंडमारा नाही का होणार? आमचा अनुभव उलट सांगतो. ड्रॅगनला स्वतःची हक्काची जागा मिळाली, की मूल तो अधिक मोकळेपणाने काढतं. आणि पुढच्या वेळी काडी कुठे टोचायची, हे मुलं बहुधा ड्रॅगन बसलेल्या जागीच ठरवतात. कल्पनेने प्रश्न विचारला, काडीने उत्तर आणलं. शोधमोहिमा याच क्रमाने निघतात.

स्किआपारेल्लींच्या नकाशावरच्या रेषा पुसल्या गेल्या, पण त्यांनी दिलेली नावं अजून आहेत. युटोपिया म्हणजे कुठेच नसलेला देश. त्या नावाच्या मैदानावर १९७६ मध्ये ‘व्हायकिंग २’ उतरलं आणि २०२१ मध्ये चीनची ‘जुरोंग’ गाडी उतरली. नाव विकल्पाचं, पण चाकांच्या खुणा खऱ्या.

तेव्हा घरी, शाळेत मुलांसाठी असा एखादा नकाशा किंवा खेळ आणाल, तेव्हा तो आधी स्वतः टेबलावर पसरा आणि एक काळं पेन, एक पेन्सिल, एक खडू घेऊन बसा. यातलं काय कशाने काढायला हवं होतं, ते मुलांना विचारा. उत्तरावर वाद झाला तर होऊ द्या. पुढच्या वेळी आपण याच धाग्याने आणखी पुढे जाऊ.